रविवारी न वाढलेलं पान

मधुकरकाका,

चर्चच्या पत्रकासाठी तुमच्याबद्दलचा मजकूर मी दिला आहे. त्यात तुमचं जन्मगाव आहे, शिपयार्डमधली नोकरी आहे, वेदीच्या सेवेत घालवलेली वर्षं आहेत, मागे कोण आहे ते आहे. तो मी दोनदा तपासला. त्यात चूक नाही. माझ्या कामात मजकुरात चूक नसणं पुरेसं असतं.

त्यात जे नाही ते इथे लिहिते आहे. तुमच्या शेवटच्या रविवारी तुमचा प्रभुभोजनाचा वाटा माझ्याजवळ होता आणि मी तो तुमच्यापर्यंत आणला नाही. गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात. अंत्यविधीत आमचे पाळक, व्हिकर, वेदीसमोरून म्हणाले, की ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या घरी प्रभुभोजन नेलं, त्याला गेल्या रविवारी त्याच्या घरी ते मिळालं, हेच आपलं सांत्वन. मी पहिल्या रांगेत बसले होते. पुढचा शास्त्रपाठ माझा होता. मी उठले, पाठ वाचला, जागेवर येऊन बसले. व्हिकरांचं वाक्य तसंच राहिलं.

हे काम मला तुम्हीच शिकवलं. आमच्या अँग्लिकन चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. जे आजारी आहेत, अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांचा वाटा बाजूला काढतात आणि मंडळीतलाच कोणीतरी तो त्यांच्या घरी नेतो. नेणारा पाळक नसतो. तुमच्यासारखा साधा माणूस असतो, त्याला बिशपांची परवानगी असते, एवढंच. नेण्यासाठी भाकरीची एक छोटी गोल डबी आणि द्राक्षारसाची बोटभर उंचीची बाटली. दोन्ही एका पिशवीत. चर्चमधले लोक त्यांच्यासाठी भारदस्त नावं वापरायचे. तुम्ही डबी आणि बाटली म्हणायचात.

मला वाटतं, तुमच्याइतका वेळ त्या वेदीपाशी कोणी काढला नसेल. उपासनेच्या आधी येऊन प्याले पुसायचे, मेणबत्त्यांच्या वाती कापायच्या, वेदीवरच्या कापडाची घडी उलगडून सुरकुती दिसली तर पुन्हा इस्त्री करायची. जहाजांच्या इंजिनांवर काम केलेल्या माणसाला मी कापडाच्या काठावरून अंगठा फिरवताना पाहिलं आहे. आम्ही शास्त्रपाठ वाचणारे लोक येऊन माईकसमोर उभे राहायचो आणि आमचं नाव पत्रिकेत छापलेलं असायचं. तुमचं कधी छापलं नाही. मी एकदा ते सुचवलं तर म्हणालात, "जेवायला आलेले लोक वाढप्याचं नाव विचारतात का?"

तुम्ही स्वतःला वाढपी म्हणायचात. सेंगकांग उपनगरातल्या तुमच्या ब्लॉकमध्ये पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं राहायला आलं होतं. लिफ्टमध्ये त्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही चर्चमध्ये नक्की काय करता? म्हणजे भटजी असता का?" तुम्ही म्हणालात, "छे, मी वाढपी." ती हसली. तिला वाटलं थट्टा आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

मग तुम्ही मला पहिल्यांदा बरोबर नेलंत. हौगांगला एक चिनी आजीबाई होत्या, त्यांना सगळे आंटी म्हणायचे. चर्चमधून निघाल्यापासून तुम्ही तोंड उघडलं नाहीत. एमआरटीच्या गाडीत तुमच्या ओळखीचा एकजण भेटला, "अंकल, मकान ऑलरेडी?" म्हणाला, जेवलात का म्हणून. तुम्ही मान हलवलीत आणि पुढे बघत राहिलात. त्याला काय वाटलं असेल ते मला कळलं. हौगांगला उतरल्यावर खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरच्या बाजूने जाताना कॉफीचा वास आला. मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं बसू या. पोस्टमनसुद्धा चहा घेतो."

तेव्हा तुम्ही थांबलात. त्या दिवशी वाटेत तुम्ही एवढेच थांबलात.

"पोस्टमन पत्र देतो," तुम्ही म्हणालात. "आपण पंगतीत वाढतोय. चर्चमध्ये बसली तीच पंगत. तिचं शेवटचं पान हौगांगला मांडलंय. ती बाई पानावर बसलीय आणि वाढपी मध्येच चहा प्यायला गेला, असं कुठं असतं?"

मी म्हटलं, "हे फारच झालं." तुम्ही म्हणालात, "चल."

आंटींनी दार उघडताच घड्याळाकडे बोट दाखवलं. "अंकल, यू लेट आह? आय थॉट गॉड ऑन लीव्ह लाह!" तुम्ही इतके हसलात की पिशवी छातीशी धरून ठेवावी लागली. मग प्रार्थना झाली, भाकर दिली, द्राक्षारस दिला, बाटली पाण्याने विसळून ते पाणीही तुम्ही पिऊन टाकलंत. मी उठायला लागले. तुम्ही माझ्याकडे एक नजर टाकलीत आणि खुर्चीत आणखी टेकून बसलात. आंटींनी तुम्हाला गुडघ्याचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, मांजराचं सांगितलं. परत येताना मी हिशेब मांडला, की भेटी आटोपशीर केल्या तर एका रविवारी दुप्पट घरं होतील. तुम्ही म्हणालात, "वाढून लगेच पाठ फिरवतात का गं?"

हा वाद आपल्यात शेवटपर्यंत राहिला. माझं म्हणणं होतं, की शहर मोठं आहे, माणसं कमी आहेत, भाकर उरली तर चर्चमध्ये ठेवता येते, बुधवारी नेली तरी चालेल. बहुतेक ठिकाणी चालतं. तुमचं म्हणणं होतं, की त्याच रविवारची, त्याच दिवशी, वाटेत न थांबता. आणि काही कारणाने पोहोचलीच नाही, तर नेणाऱ्याने ती स्वतः आदराने घ्यायची, दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही. "शिळं वाढायचं नाही," एवढंच तुमचं स्पष्टीकरण. मी तुम्हाला नियमांचे गुलाम म्हटलं. तुम्ही मला म्हणालात, "तू पत्रकार आहेस. तुला वेळेत छापणं कळतं. कोण वाट बघतंय ते कळत नाही." तेव्हा मला राग आला होता. मी तो तुम्हाला दाखवला नाही, म्हणून तो वाद कधी पुरा झाला नाही.

मग तुमचं हृदय थकलं. पाय सुजायला लागले, जिना चढताना थांबायला लागलात, डॉक्टरांनी मीठ बंद केलं. वेदीची कापडं दुसऱ्या कोणी घेतली. घरोघरी जायचं काम माझ्याकडे आलं, आणि नेण्याच्या घरांत तुमचंच घर आलं. पहिल्या वेळी मी डबी तुमच्यासमोर उघडली. तुम्ही डोळे मिटून, दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, पुढे केले होते. प्रार्थना झाल्यावर म्हणालात, "बरं वाचलंस. पण बातमी वाचल्यासारखं वाचतेस अजून. पुढचं वाक्य माहीत आहे असं वाचू नये."

काकूंनी मला दर वेळी जेवायला थांबवलं. मी बहुतेक वेळा थांबले नाही. हे इथे लिहिलंच पाहिजे.

आता त्या रविवारचं.

उपासना संपली. माझ्या पिशवीत डबी होती. त्या दिवशी फक्त तुमचं एकच घर होतं, कारण आंटी मुलीकडे गेल्या होत्या. मी स्टेशनवर सेंगकांगच्या दिशेच्या फलाटावर उभी होते. फोन वाजला. रॅफल्स प्लेसमधल्या आमच्या ऑफिसातून, रविवारच्या पाळीवर एकटा असलेल्या सहकाऱ्याचा. एका मोठ्या बँकेच्या प्रमुखाने राजीनामा दिल्याची कुणकुण होती. त्याने विचारलं, "कॅन यू कम इन? इफ नॉट, आय मॅनेज, नो वरीज."

त्याने मला बोलावलं नव्हतं. विचारलं होतं. जमणार नसेल तर मी सांभाळतो, असंही म्हणाला होता. हा फरक मी नीट नोंदवते, कारण गेल्या आठवड्यात चर्चबाहेर मी हा प्रसंग ज्यांना ज्यांना सांगितला त्यांना "ऑफिसने बोलावलं" असंच सांगितलं. खरं असं आहे, की बातमी मोठी होती आणि ती मला हवी होती. तो तरुण आहे, तो चुका करील असं मी स्वतःला सांगितलं. मग मी दुसऱ्या फलाटावर गेले. गाडी लगेच आली.

तुम्हाला मी गाडीतून फोन केला आणि उशीर होईल म्हटलं. "किती?" तुम्ही विचारलंत. "थोडा," मी म्हटलं. माझ्या डेस्कवर कोणी 'थोडा' लिहिलं असतं तर मी ते खोडून नेमकी वेळ मागितली असती.

दुपार गेली. बातमी खरी निघाली, आम्ही ती चांगली दिली. पिशवी माझ्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. त्या दुपारी मला तिची आठवण राहिली नव्हती असं नाही. दर वेळी पाठ टेकली की ती लागत होती. मी खुर्ची जराशी पुढे घेतली.

संध्याकाळी खिडकीबाहेर बँकांच्या इमारतींवर दिवे लागले तेव्हा मी तुम्हाला पुन्हा फोन केला. आपलं बोलणं असं झालं.

"काका, फार उशीर झाला. सॉरी. येऊ का आत्ता?"

"कुठं आहेस?"

"ऑफिसात."

मग म्हणालात, "दमलीस. आवाजावरून कळतंय."

"येते ना मी. नाही तर, म्हणजे, पुढच्या रविवारी लवकर येईन."

"पुढच्या रविवारी ये मग. आणि ते ठेवू नको. तूच घे. नीट घे."

"बरं," मी म्हटलं.

'येऊ का' मी विचारलं, पण कसं विचारलं ते मला माहीत आहे. समोरचा नको म्हणेल याची सोय करून विचारलं. तुम्ही ती सोय मला करून दिलीत आणि मी 'बरं' म्हणाले. अडखळले नाही. सेंगकांगची गाडी होती. तुम्ही जागे होतात. आड आलं असेल तर माझं घरी जाऊन आडवं व्हायचं मन.

मी ऑफिसच्या पँट्रीत गेले. कॉफीच्या मशीनशेजारी ओटा पुसला, स्वच्छ रुमाल पसरला, डबी उघडली. तुम्ही शिकवलेली प्रार्थना मनात म्हटली. भाकर घेतली, द्राक्षारस घेतला. बाटलीत पाणी घालून विसळली आणि ते पाणी प्यायले. तेवढ्यात तो सहकारी कप धुवायला आला आणि म्हणाला, "एह, व्हॉट स्नॅक इज दॅट? शेअर लाह." मी संपलं म्हटलं.

नियम सगळा पाळला, काका. त्याच दिवशी, आदराने, काही शिळं न ठेवता. तुम्ही तपासायला असतात तर एकही चूक काढू शकला नसतात. ज्याच्यासाठी तो नियम होता तो माणूस सेंगकांगला बसून होता आणि त्याच्या वाट्याची भाकर माझ्या पोटात होती.

गुरुवारी सकाळी काकूंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "अगं, काका गेले. झोपेतच. तू ये." या वेळी मी वाटेत कुठे थांबले नाही.

व्हिकरांना मी दोष देत नाही. रविवारची पाळी माझी होती, मी पिशवी घेऊन निघाल्याचं त्यांनी पाहिलं होतं, त्यावरून त्यांनी वाक्य केलं. आमच्या ऑफिसात हे रोज घडतं. कोणी निघाला म्हणजे पोहोचला, असं धरून बातमी जाते आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागते. मी व्हिकरांना अंत्यविधीनंतर गाठून सांगू शकले असते. लोक भेटत होते. एकीने माझा हात धरून म्हटलं, "तुझ्या हातून झालं हो, पुण्य लागलं." मी तिला थँक यू म्हटलं.

खरी अडचण व्हिकरांची नव्हती. काकूंची होती. त्या चर्चमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर होत्या आणि व्हिकरांच्या त्या वाक्याला त्यांनी मान खाली घातली होती. मी ठरवलं, की त्यांना त्या दिवसाची आठवण राहिलेली नाही. वय झालंय, धक्का बसलाय, दिवस सरमिसळ झालेत. नवऱ्याला शेवटचं प्रभुभोजन मिळालं या समाधानात त्या आहेत. ते समाधान मी कशाला हिरावू? हे कारण चांगलं होतं. मला ते फारच लवकर सापडलं, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

शनिवारी काकूंनी फोन करून विचारलं, "उद्या माझ्यासाठी आणशील का? गुडघ्यांनी मला यायला जमणार नाही." म्हणजे मला त्याच घरी, त्याच खुर्चीसमोर, तीच डबी उघडायची होती. मनात हे ठेवून मला ती उघडता येणार नव्हती. खोटं बोलून भाकर पुढे करायची, एवढा बेमुर्वतपणा माझ्याच्यानं झाला नसता. आणि सांगितलं तर त्या डबी माझ्या हातून घेतील की नाही, हे मला माहीत नव्हतं.

काल रविवार होता. फोन मी घरी ठेवला. सेंगकांगला उतरून चालत आले. दार उघडंच होतं. तुमची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते. खिडकीबाहेरून एलआरटी या छोट्या गाडीचा डबा सरकत गेला.

"बस, पंख्याखाली बस," काकू म्हणाल्या. "घामाघूम झालीस."

"काकू, आधी एक सांगायचंय. मग तुम्ही ठरवा माझ्या हातून घ्यायचं की नाही."

"काय ते?"

"त्या रविवारी मी आले नव्हते. व्हिकर म्हणाले ते खरं नाही. काकांना मिळालं नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही चष्म्यावरून बघायचात तसं.

"मग? मी घरातच होते की. तू आलीस की नाही हे मला ठाऊक नसेल?"

"मला वाटलं..."

"आणि तुझा फोन स्पीकरवर होता. त्यांना ऐकू कुठं यायचं? मी इथं लसूण सोलत होते. सगळं ऐकलं मी. 'बरं' म्हणालीस."

मी मान हलवली आणि विचारलं:

"मग चर्चमध्ये तुम्ही गप्प का राहिलात?"

"काय करू? भर चर्चमध्ये उठून पाळकांना खोटं पाडू? आणि तुला पुढं वाचायचं होतं. रडत वाचलं असतंस तर ह्यांना आवडलं नसतं."

मी काकूंना विचारलं, तुम्ही माझ्यावर रागावला होतात का, काका. ज्यांना मी हे सांगितलं त्या प्रत्येकाने म्हटलं होतं, की तुम्ही समजून घेतलं असतंत. काकूंनी जरा विचार केला.

"रागावले तर. फोन ठेवला आणि म्हणाले, पोरगी वाटेत थांबली."

काका, हे ऐकून मला बरं वाटलं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. तुम्ही मला मोठ्या मनाने सोडून दिलं असतंत तर मला त्याचं काय करायचं ते कळलं नसतं. तुम्ही माझ्यावर रागावलात, म्हणजे तुम्ही ते काम माझं धरलं होतंत. इतकी वर्षं मी तुमची नुसती मदतनीस आहे अशा समजुतीत होते.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हणाले, वाढ. सकाळपासून उपाशी होते ना."

"उपाशी?"

"तू येणार म्हटलं की घोटभर पाण्याशिवाय काही घ्यायचे नाहीत. भाकर मिळाल्यावर मग न्याहारी. नेहमीचंच. डॉक्टर नको म्हणायचे, पण ऐकतो कोण? तू दुपारी यायचीस, तुला कसं कळणार? आणि कधी जेवायला बसली असतीस तर दिसलं तरी असतं, केवढे जेवायचे ते."

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडवत होत्या.

"त्या दिवशी फार जेवले," त्या म्हणाल्या. "वरणभात दोनदा घेतला. मग म्हणाले, बोंबील आहेत का? टेक्का बाजारातून आणलेले सुके होते माझ्याकडे, लपवून ठेवलेले. मीठ चालतच नव्हतं त्यांना. एक कण नाही, डॉक्टरनं बजावलं होतं. मी म्हटलं, नाहीत. तर म्हणाले, आज दिवसच उपाशी गेला, एक तरी दे. तोंड एवढंसं केलं होतं. मी तळले. एक नाही, चार दिले. बुधवारी पाय जास्त सुजले. गुरुवारी गेले."

"काकू, तसं नसतं. एवढ्याने काही..."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग राहू दे. तू तुझं मला सांगितलंस. माझं मी कोणाला सांगू? तूच आहेस."

बाहेरून आणखी एक एलआरटी गेली. काकूंनी डोळे पुसले, साडी नीट केली आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून पुढे केले.

"उघड ती डबी," त्या म्हणाल्या. "मीही सकाळपासून काही घेतलेलं नाही."